मृत्यूपलीकडील प्रेम आणि अभिज्ञानाचा प्रश्न : तांग श्यानझू यांच्या ‘मूदान थिंग’ नाटकाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

अभिजात चिनी नाट्यवाङ्मयाचा विचार करताना मृत्यूनंतरही न सरणाऱ्या प्रेमाचे सूत्र अभ्यासकाच्या नजरेत वारंवार भरते. युआन राजवटीतील (१२७१–१३६८) ‘झाजू’ या आटोपशीर नाट्यप्रकारापासून मिंग आणि छिंग काळातील ‘छ्वानछी’ या दीर्घ, गेय नाट्यप्रकारापर्यंत हे सूत्र वेगवेगळी रूपे घेत आलेले आहे. या परंपरेतील सर्वाधिक ख्यातकीर्त नाटक म्हणजे तांग श्यानझू (१५५०–१६१६) यांचे ‘मूदान थिंग’, अर्थात ‘पिओनी-मंडप’. १५९८ मध्ये पूर्ण झालेले हे नाटक ५५ प्रवेशांचे आहे. स्वप्नात भेटलेल्या तरुणासाठी झुरून मरण पावलेली सोळा वर्षांची मुलगी तीन वर्षांनी त्याच तरुणाच्या प्रेमामुळे पुन्हा जिवंत होते, हा त्याचा कथाविषय होय.

‘प्रेमाने मृत्यूवर मिळवलेला विजय’ असे या नाटकाचे वर्णन सर्वसाधारणपणे केले जाते. ते चुकीचे नाही, तथापि अपुरे आहे. नायिकेचे पुनरुज्जीवन ३५व्या प्रवेशात होते; त्यानंतर तब्बल २० प्रवेश शिल्लक राहतात. विजय मिळवून झाल्यावर नाटककार एवढा मोठा भाग कशासाठी खर्ची घालतो, या प्रश्नाकडे रसिकांनी आणि रंगकर्मींनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. उत्तरार्ध पसरट आहे, असे म्हणून तो बाजूला सारण्याचीच प्रवृत्ती अधिक आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या नाटकातील खरा संघर्ष प्रेम आणि मृत्यू यांच्यातील नसून प्रेम आणि जिवंत माणसांची मान्यता यांच्यातील आहे. मृत्यू तुलनेने लवकर वाट देतो. पिता, कायदा आणि शासन ती सहजी देत नाहीत. हा उत्तरार्ध वगळला, तर नाटकाचा आशयच बदलतो.

नाटककार आणि वैचारिक पार्श्वभूमी

तांग श्यानझू हे ज्यांगशी प्रांतातील लिनछ्वानचे. १५८३ मध्ये ते राजसेवेच्या सर्वोच्च परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि नानजिंग येथे अधिकारपदांवर राहिले. १५९१ मध्ये दरबारातील वरिष्ठांच्या कारभारावर टीका करणारे निवेदन त्यांनी वानली सम्राटाला सादर केले आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांची दक्षिणेकडील दूरच्या श्युवन येथे दुय्यम पदावर रवानगी झाली. पुढे ते जज्यांग प्रांतातील स्वीछांगचे दंडाधिकारी होते. १५९८ मध्ये पद सोडून ते गावी परतले आणि त्याच वर्षी हे नाटक त्यांनी पूर्ण केले. त्यामुळे नाटकात दिसणारी कचेऱ्यांची, शिक्क्यांची, चौकशीची आणि हुकूमनाम्यांची भाषा ही त्यांची अनुभवसिद्ध भाषा आहे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

वैचारिकदृष्ट्या त्यांच्यावर लुओ रुफांग (१५१५–१५८८) या गुरूंचा संस्कार होता. झू शी (११३०–१२००) यांच्या भाष्यांवर उभी असलेली परीक्षाव्यवस्था विश्वाच्या सुसंगत तत्त्वाला, म्हणजे ‘ली’ला, प्रमाण मानीत असे. लुओ रुफांग ज्या विचारधारेचे होते, तिने मनुष्याच्या स्वाभाविक, सहजस्फूर्त वृत्तीला प्रतिष्ठा दिली. तांग यांनी या वादात ‘छिंग’ ही संकल्पना केंद्रस्थानी आणली. तिचा आशय ‘प्रेम’ या शब्दात पूर्णपणे मावत नाही. आपल्याकडील ‘भाव’ हा शब्द तिला अधिक जवळचा आहे. नाटकाच्या प्रस्तावनेत ते असे सुचवितात की, ज्या भावापायी जिवंत माणूस मरू शकत नाही आणि मेलेला परत येऊ शकत नाही, तो भाव पराकोटीला पोचलेलाच नसतो. तत्त्वाच्या कसोटीवर जे असंभव ठरते, ते भावाच्या कसोटीवर संभव असू शकते, हा त्या प्रस्तावनेचा मथितार्थ आहे. मात्र प्रस्तावनेत सूत्ररूपाने मांडलेला हा विचार नाटकात मोठ्या कठोर परीक्षेतून जातो.

मृत्यूची कचेरी

दू लीन्यांग ही दक्षिण सुंग काळातील नानआनचे प्रशासक दू बाओ यांची एकुलती मुलगी. दिवसा झोप घेतली एवढ्याही कारणावरून वडिलांचा रोष ओढवून घेणारी ही मुलगी छेन झुईल्यांग या वृद्ध, परीक्षांत वारंवार अपयशी ठरलेल्या शिक्षकाकडे ‘शृचिंग’ हा प्राचीन काव्यसंग्रह शिकते. त्यातील पहिलीच कविता प्रणयाराधनाची आहे. शिक्षक तिच्यातून नीतिपाठ काढतो, शिष्येला मात्र तिच्यात स्वतःचे मन सापडते. दासी चुनश्यांगसह ती घरामागील बागेत जाते, वसंताचा बहर पाहते आणि परतल्यावर तिला स्वप्न पडते. त्यात विलोची फांदी घेतलेला तरुण तिला भेटतो. हा १०वा प्रवेश पुढे चिनी रंगभूमीचा मानबिंदू ठरला. स्वप्नाचा माग काढत ती पुन्हा बागेत जाते, पण तेथे काहीच उरलेले नसते. खंगत चाललेल्या देहाचे ती स्वतःच चित्र काढते आणि २०व्या प्रवेशात, शरदातील पौर्णिमेच्या सणाच्या रात्री, प्राण सोडते. तिच्या इच्छेप्रमाणे तिला बागेतील प्लमच्या झाडाखाली पुरले जाते. त्याच वेळी वडिलांना सीमेच्या रक्षणासाठी जाण्याचा हुकूम येतो.

यानंतरचा, २३वा प्रवेश यमलोकात घडतो. चिनी लोकश्रद्धेतील यान्लुओ म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये पोचलेला आपलाच यम. तेथे गेल्यावर मात्र त्याच्या अधिकाराचे दहा दरबार झाले आणि त्याला चिनी नोकरशाहीचे रूप आले. तांग यांनी या कल्पनेचा विनोदाने उपयोग केला आहे. पृथ्वीवरील युद्धांमुळे लोकसंख्या घटली, म्हणून स्वर्गातून काटकसरीचा आदेश आला आणि दहावे पद रद्द झाले. त्याचा शिक्का सध्या न्यायाधीश हू यांच्याकडे प्रभारी म्हणून आहे! एखादी मुलगी केवळ स्वप्नामुळे मरू शकते, यावर या न्यायाधीशाचा प्रारंभी विश्वास बसत नाही. मग पुष्पदेवतेची साक्ष होते, वडिलांच्या सचोटीचा विचार होतो, विवाहांची नोंदवही उघडली जाते आणि तीत ल्यू मंगमेई या तरुणाशी तिची गाठ लिहिलेली आढळते. तिला मुक्त संचाराचा परवाना मिळतो.

या प्रवेशाचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मृत्यूची कचेरीही कागदपत्रांवरच चालते, परंतु तेथे साक्ष ऐकून घेतली जाते, नोंद तपासली जाते आणि अविश्वासाचे रूपांतर विश्वासात होऊ शकते. एका प्रवेशाच्या अवधीत मृत्यू माघार घेतो.

जिवंतपणाचा पुरावा

तीन वर्षांनी परीक्षेसाठी निघालेला ल्यू मंगमेई आजारी पडून त्याच बागेत आश्रयाला येतो. त्याला ते चित्र सापडते, तो त्या चित्राची आराधना करू लागतो आणि लीन्यांगचे भूत त्याच्याकडे रात्री येऊ लागते. ३२व्या प्रवेशात ती आपले भूतस्वरूप सांगते आणि कबर उघडण्याची विनंती करते. कबर उघडणे हा मृत्युदंडास पात्र असा अपराध होता. केवळ तिच्या शब्दावर विसंबून तो हा धोका पत्करतो. नायकाचे मोठेपण येथे आहे. तो विद्वान वा शूर म्हणून आपल्या लक्षात राहत नाही. त्याने एका स्त्रीच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, म्हणून राहतो.

पुनरुज्जीवनानंतर लगेच, ३६व्या प्रवेशात, नाटकाची दिशा बदलते. ल्यू तत्काळ विवाहाची इच्छा व्यक्त करतो, तेव्हा लीन्यांग संकोचते. भुताला जे चालते ते माणसाला चालत नाही. आता मी माणूस आहे, तेव्हा विधी हवा, असे तिचे म्हणणे. चिनी भाषेत तत्त्व आणि विधी या दोन्ही अर्थांचे शब्द ‘ली’ असेच उच्चारले जातात. चिन्हे मात्र भिन्न आहेत. भावासाठी तत्त्वाची मर्यादा ओलांडणारी नायिका जिवंत होताच विधीची मागणी करते, या विसंगतीवर काही वाचक नाराज होतात. परंतु ही मागणी शरणागती मानण्याचे कारण नाही. विधी जिवंत माणसांचे असतात. विधी मागणे म्हणजे जिवंतांमध्ये आपली गणना व्हावी, असा हक्क सांगणे होय.

हा हक्कच पुढील सर्व प्रवेशांत नाकारला जातो. रिकामी कबर पाहून छेन झुईल्यांग थडगे लुटल्याची वर्दी देतो. सासऱ्याच्या शोधात गेलेला ल्यू चोर म्हणून पकडला जातो आणि ५३व्या प्रवेशात दू बाओ त्याला टांगून मारण्याची शिक्षा देतात. परीक्षेत तो सर्वप्रथम आल्याची वार्ता त्याला सोडविते, तरी दू बाओंचे मत बदलत नाही. अखेरच्या प्रवेशात प्रकरण सम्राटापुढे जाते. माणसाला सावली असते आणि भूत आरशाला भिते, या समजुतीनुसार मुलीची आरशापुढे आणि फुलझाडांच्या छायेत परीक्षा घेतली जाते. ती जिवंत असल्याचा निर्णय होतो. याच पित्याने थोड्या वेळापूर्वी सम्राटाला विनंती केलेली असते की, तिच्यावर प्रहार करावा, म्हणजे आतील पिशाच्च उघडे पडेल. आरशाच्या साक्षीनंतरही ते नमत नाहीत; जिला मृत समजले होते ती पत्नी समोर येते, तेव्हा तिच्याविषयीही त्यांना हाच संशय वाटतो.

स्वप्न, चित्र, यमलोकातील नोंद, पती, देह, आरसा आणि सम्राटाचा निर्णय अशी ही पुराव्यांची साखळी आहे. प्रत्येक पुरावा कोणाला ना कोणाला पटतो. पित्याला एकही पटत नाही. शेवटी ते एक अट घालतात : पतीला सोड, मग तुला मुलगी मानतो. ती नकार देते आणि मूर्च्छित होते. त्या क्षणी दू बाओ दचकतात आणि लीन्यांगला आपली मुलगी म्हणून नावाने हाक मारतात. संपूर्ण नाटकातील निर्णायक अभिज्ञान या हाकेत आहे, असे मला वाटते. ज्या पित्याला आरसा पटला नाही, त्याला मुलगी दुसऱ्यांदा हातची जाण्याचे भय पटले. प्रस्तावनेतील ‘भाव’ अखेरीस येथे, सर्वांत कठोर माणसाच्या तोंडून, अभावितपणे प्रकट होतो. राजाज्ञेने मिळालेली मान्यता आणि या हाकेतून मिळालेली मान्यता यांतील अंतर नाटककाराने बोलून दाखविलेले नाही. ते प्रेक्षकाच्या प्रत्ययावर सोडले आहे.

दू बाओ हे खलपात्र नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. ८व्या प्रवेशात शेतकऱ्यांना प्रोत्साहन देण्यासाठी गावोगाव फिरणारा हा कर्तव्यदक्ष अधिकारी आहे. मेलेला परत येत नाही, कबर फोडणारा गुन्हेगार असतो, अधिकाऱ्याने भावनेला बळी पडू नये, ही त्यांची भूमिका त्यांच्या जगाच्या नियमांनुसार निर्दोष आहे. म्हणूनच ती भयंकर आहे. तांग ज्या बोलभाषेतील कथेच्या आधाराने लिहीत होते, त्या कथेत मुलगी जिवंत झाल्याची वार्ता आईवडिलांना केवळ आनंदाची होती. पित्याने जावयावर कबर फोडल्याचा आरोप ठेवून त्याची चौकशी करणे हा भाग त्यांनी एका हानकालीन जुन्या कथेवरून घेतल्याचे प्रस्तावनेतच सुचविले आहे. म्हणजे पित्याचा नकार हा त्यांनी जाणीवपूर्वक आणलेला घटक आहे.

परंपरेतील अन्य नाटके

हे वेगळेपण इतर नाटकांशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. ग्वान हानछिंग यांच्या ‘दोउ अ’ या युआनकालीन नाटकात निरपराध असून देहदंड भोगलेल्या स्त्रीचे भूत अधिकारी झालेल्या आपल्या पित्याकडे येते आणि पिता तिची साक्ष ग्राह्य धरून न्याय करतो. तेथे मृत मुलीवर पित्याचा विश्वास बसतो. ‘मूदान थिंग’मध्ये जिवंत मुलीवरही बसत नाही. झेंग ग्वांगझू यांच्या ‘छ्यान्नू’च्या नाटकात नायिकेचा आत्मा प्रियकराबरोबर निघून जातो, देह घरी आजारी पडून राहतो आणि दोन्हींचा संयोग होताच प्रश्न मिटतो. तेथे साऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडणारे आश्चर्य हाच पुरावा ठरतो.

बाई फू यांनी सम्राट श्वानझोंग आणि यांग ग्वेफेई यांच्या कथेवर लिहिलेल्या नाटकात प्रिया स्वप्नात येते आणि पानांवर पडणाऱ्या पावसाच्या आवाजाने स्वप्न मोडते. विरह तसाच राहतो. याच कथेवरील होंग शेंग (१६४५–१७०४) यांच्या ‘छांगशेंग द्यान’ या १६८८ मध्ये पूर्ण झालेल्या ५० प्रवेशांच्या नाटकात प्रेमिकांचे मीलन होते, पण ते चंद्रलोकात. स्वर्गीय मीलनाला समाजाच्या मान्यतेची गरज नसते. गंमत अशी की, होंग शेंग यांना मात्र या जगातील शासनाने सोडले नाही. १६८९ मध्ये सम्राज्ञीच्या सुतकाच्या काळात नाटकाचा प्रयोग झाल्याच्या कारणावरून त्यांना राजकीय विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. या सर्व नाटकांच्या तुलनेत तांग यांनी अवघड मार्ग निवडला, असे म्हणावे लागते. त्यांनी मृत्यूपलीकडील प्रेमाला स्वर्गात न पाठविता कचेऱ्या, खटले आणि सासरे असलेल्या जगात परत आणले.

भारतीय काव्यशास्त्राच्या दृष्टीने

मराठी अभ्यासकाला येथे दोन संकल्पना सहज आठवतील. पहिली ‘करुणविप्रलंभ’. प्रेमिकांपैकी एक परलोकी गेला असून त्याची पुन्हा प्राप्ती होणार असेल, तर दुसऱ्याच्या शोकाला विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हे नाव दिले आणि बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील पुंडरीक-महाश्वेता यांचे उदाहरण घेतले. शृंगारात मरणाचे वर्णन टाळावे, आणि करायचेच तर पुनरुज्जीवन लांब नसावे, असाही संकेत त्याने सांगितला आहे. रसभंग होऊ नये हा त्यामागील हेतू. तांग यांच्या नाटकात हे अंतर तीन वर्षांचे आहे. शिवाय जागेपणी प्रेमिकांची पहिली भेट नायिकेच्या मृत्यूनंतर होते. पूर्वरागातूनच मृत्यू आणि मृत्यूनंतर संभोगशृंगार, हा क्रम आपल्या वर्गीकरणात नीटसा बसत नाही.

दुसरी संकल्पना ‘अभिज्ञान’. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत दरबारात शकुंतलेला ओळखत नाही. परंतु त्यामागे दुर्वासाचा शाप असतो आणि अंगठी सापडताच स्मृती परत येते. खूण मिळाली की प्रश्न सुटतो. दू बाओंची स्मृती शाबूत आहे, खुणांचाही तुटवडा नाही. तरी ते ओळख देत नाहीत, कारण त्यांची तत्त्वनिष्ठा आड येते. या दोन नाटकांत प्रभावाचा संबंध दाखविण्याचा येथे हेतू नाही. अभिज्ञानाचा अडथळा बाहेरून आलेला असणे आणि तो ओळखणाऱ्याच्या जीवनदृष्टीत रुजलेला असणे, हा भेद या तुलनेतून ठळक होतो, एवढेच.

वाचक स्त्रिया आणि रंगभूमी

या नाटकाचा सर्वांत उत्कट स्वीकार सतराव्या शतकातील सुशिक्षित स्त्रियांनी केला. यू अर्न्यांग या तरुणीने नाटकावर टिपणे लिहिली आणि ती सतराव्या वर्षी वारली, हे कळल्यावर तांग यांनी तिच्यासाठी शोककविता रचल्या. १६९४ मध्ये वू रन यांच्या ‘तीन पत्नीं’चे भाष्य प्रसिद्ध झाले. छेन थोंग ही वाग्दत्त वधू विवाहापूर्वीच वारली. तिने लिहिलेली टिपणे थान ज या पत्नीने पुढे नेली. तीही अकाली गेली. छ्यान यी या तिसऱ्या पत्नीने ते काम पूर्ण करून स्वतःचे दागिने विकून छापविले. जिवंत स्त्रीने मृत स्त्रियांचे शब्द जगापुढे आणावेत, हे नाटकाच्याच आशयाचे अनुसरण होय. त्यांचा वाटाही नाटकातल्यासारखाच निघाला : हे भाष्य खरे तर पतीनेच लिहिले असावे, असा संशय लोकांनी घेतला. लीन्यांगच्या शब्दाला पुरावा मागणारे दू बाओ नाटकाबाहेरही होतेच.

रंगभूमीने मात्र नाटकाचे वेगळे रूप जपले. ‘खुन्छू’ शैलीत निवडक प्रवेश सादर करण्याची प्रथा रुळली आणि बागेतील फेरी, स्वप्न, स्वप्नाचा शोध, चित्राची प्राप्ती असे प्रवेश लोकप्रिय झाले. मेई लानफांग यांनी अभिनीत केलेल्या बाग आणि स्वप्न या भागावर १९६० मध्ये चित्रपटही निघाला. युनेस्कोने २००१ मध्ये खुन्छूला अमूर्त वारशाच्या सूचीत गौरविले. न्यूयॉर्क येथे १९९९ मध्ये छेन शृजंग यांनी ५५ प्रवेशांचा प्रयोग केला, तर बाई श्यानयोंग यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये तैपेई येथे तीन भागांतील, सुमारे नऊ तासांची आवृत्ती रंगमंचावर आली. हे अपवाद सोडले, तर प्रेक्षकाला दिसते ती बाग. पित्याची चौकशी क्वचितच दिसते. सौंदर्याचे हे जतन मोलाचे आहे, पण त्यात नाटकाचा प्रश्न हरवतो.

समारोप

या वाचनावर दोन आक्षेप घेता येतील. उत्तरार्धातील युद्धाचे प्रवेश आणि विनोद खरोखरच लांबले आहेत, हा पहिला. तो अंशतः मान्य करावा लागतो. परंतु दू बाओंची कर्तव्यकठोरता या युद्धातूनच घडताना दिसते, त्यामुळे हे प्रवेश निरर्थक ठरत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : नायिकेला न्याय अखेर सम्राटाच्या हुकमाने आणि पतीच्या परीक्षेतील यशाने मिळतो, म्हणजे ज्या व्यवस्थेने तिला नाकारले, तिच्याच शिक्कामोर्तबावर नाटक संपते. ही मर्यादा खरीच आहे. छ्वानछी नाटकाच्या सुखान्त संकेताबाहेर तांग गेलेले नाहीत. मात्र त्या शिक्कामोर्तबाने पिता बदलत नाही, हे दाखवून त्यांनी त्या संकेताचा अपुरेपणाही उघड केला आहे.

‘मूदान थिंग’ला केवळ अद्भुत प्रेमकथा मानले, तर तिचे कौतुक करून आपण मोकळे होतो. तिच्या उत्तरार्धासह ती वाचली, तर आपलीही चौकशी सुरू होते. एखादी व्यक्ती आपल्या अनुभवाविषयी जे सांगते, ते आपल्या नियमांत बसत नसेल तर आपण काय करतो? न्यायाधीश हू नोंदवही उघडतात, ल्यू मंगमेई कबर उघडतो आणि दू बाओ खटला चालवितात. तांग श्यानझू यांनी मृत्यूपलीकडील प्रेमाची कसोटी या तीन प्रतिसादांच्या तुलनेत पाहिली. या नाटकाच्या पुढील अभ्यासात, तसेच आपल्या वर्गांत ते शिकविताना, ३६व्या प्रवेशापासूनच्या भागाला त्याचे न्याय्य स्थान मिळणे अगत्याचे आहे.